दारात उभा कॅम्पर आणि सोलापूरचा मे महिना

२०२१ चा मे महिना, करोनाच्या दुसऱ्या लाटेतला लॉकडाउन. जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलंय. गेल्या दिवाळीत त्यांनी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि आतून तिचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतला. जानेवारीत दोघं नवरा-बायको एकदा कोकणात जाऊन आले. एप्रिलपासून पुन्हा सगळं बंद, गाडी दारात उभी. रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, तरी बॅटरी दोनदा बसली. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून पाण्याच्या पाइपात अँटिफ्रीझ घालावं का, गाडीला वरून खालपर्यंत कव्हर चढवावं का, असं त्यांच्या मनात आहे. घरात कुणाला करोनाची लागण झालीच तर त्याला गाडीत वेगळं ठेवता येईल का, हेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की करमत नाही, आणि बायको म्हणते विकून टाका.

सर, मी गाड्यांच्या आतलं काम करतो. आधी टुरिस्ट गाड्यांच्या सीटा, छत आणि वायरिंग करायचो, आता काही वर्षं कॅम्पर करतो. गेल्या वर्षी, २०२० मध्ये, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देश बंद झाला, तेव्हा माझ्या हाताखालून गेलेल्या अकरा गाड्या सोलापूर आणि आसपास कुणाच्या दारात, कुणाच्या शेतात उभ्या होत्या. जूनमध्ये मी त्या एकेक उघडून बघितल्या. आधीच्या सगळ्या वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या पंधरा दिवसांत कळलं. त्यावरूनच सांगतो.

आधी ते व्हिडिओ बाजूला ठेवा. ती माणसं खोटं सांगत नाहीत, पण ती थंडीसाठी सांगतात. तिकडे गाडी हिवाळ्यात उभी राहते, पाइपातलं पाणी गोठून फुगतं, पाइप फुटतात, म्हणून अँटिफ्रीझ. बर्फ आणि ओल आत जाऊ नये म्हणून सगळं बंद करून जाड कव्हर. आपल्याकडे गाडी उभी राहिलीय ती एप्रिल-मेमध्ये, ४२-४३ अंशांत. त्यांचा शत्रू गारठा, आपला शत्रू ऊन. म्हणजे बहुतेक गोष्टी उलट्या करायच्या. ते झाकतात तिथे आपण उघडं ठेवायचं, ते भरतात तिथे आपण रिकामं करायचं. तुमच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं.

कव्हरचंच घ्या. रेक्झिनचं किंवा प्लास्टिकचं कव्हर पत्र्याला चिकटून बसलं की आतली हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते. गेल्या मे महिन्यात मी माझ्याच गाडीत भिंतीवरचा साधा थर्मामीटर ठेवला होता. दुपारी तीनला बाहेर ४२ आणि बंद गाडीत ५७. मग छतापासून फूटभर उंचीवर बांबू बांधून रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी शेडनेट ताणली, छताची खिडकी आणि मागचं दार जाळी लावून उघडं ठेवलं. तेव्हा आत ४५ भरलं. ४५ म्हणजे गार नव्हे, पण ५७ ला प्लायच्या कडांचा गोंद सुटतो, फोम लवकर खराब होतो, बॅटरीचं पाणी उडतं. ४५ ला गाडी तग धरते. नेट आणि छत यांच्यामधून वारा खेळला पाहिजे, सगळा उपयोग त्या मोकळ्या जागेचा आहे. सोलर पॅनेल मात्र नेटखाली घेऊ नका. पॅनेल स्वतःच छतावर सावली करतं.

नेट मिळत नसेल तर घरात जुनी सोलापुरी चादर असेलच. ती पुढच्या काचेवर बाहेरून टाका आणि दोन्ही दारांत अडकवून घ्या. काचेच्या आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता आत शिरलेली असते. बाहेरून टाकलेली चादर ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही. एवढ्या एका चादरीने डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचतं.

आता बॅटरी. रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं आजपासून बंद करा. डिझेल इंजिन उभ्या जागी दहा मिनिटांत नीट तापत नाही. तेल गरम होत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते. सेल्फ मारताना बॅटरीतून जे गेलं ते कसंबसं परत येतं, पण त्याआधीच्या चोवीस तासांत जे गळालं ते येत नाही. आणि गळतं हे नक्की. तुमच्या गाडीत जीपीएस ट्रॅकर आहे, टेपची मेमरी आहे, कदाचित अलार्मही असेल. सगळे मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. इंजिनची बॅटरी त्यात निम्मी रिकामी होते. त्यात आपला उन्हाळा. दर दहा अंशांनी तापमान वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. दोनदा बसली यात नवल नाही.

इंजिनच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, किंवा कट-ऑफ स्विच बसवलेला असेल तर तो बंद करा. मग दर रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, पॅनेलवर ऊन पडायच्या आत, मल्टीमीटरने दोन्ही बॅटऱ्यांचं, इंजिनच्या आणि आतल्या सोलर जोडलेल्या, व्होल्टेज मोजा. वेळ मुद्दाम सांगतोय. दहा वाजता मोजलं तर सोलरचा करंट आत येत असतो आणि मीटर १३.५ दाखवतो. माणूस खूश होतो, पण तो आकडा बॅटरीचा नसतो. पहाटेचा आकडा खरा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.२ च्या खाली आठवडाभर जरी पडून राहिली तरी प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती चार्जरवर भरल्यासारखी दिसते, पण सेल्फ मारला की मान टाकते.

आतल्या, म्हणजे दिवे-पंख्यांच्या बॅटरीला सोलर जोडलेलं आहे म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. गेल्या वर्षीच्या अकरांपैकी चार गाड्यांत उलट झालं होतं. वापर शून्य, ऊन रोज भरपूर, सोलरचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर दिवसभर चार्ज करत राहिला आणि पाणी उडून प्लेटा उघड्या पडल्या. २५ अंशांच्या वर दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने कमी ठेवावं लागतं. बॅटरी ४० अंशांवर असेल तर फरक पाव व्होल्टच्या पुढे जातो. तुमच्या कंट्रोलरला तापमान मोजणारी वायर असेल तर ती बॅटरीलाच चिकटवलेली आहे ना ते बघा. एका गाडीत ती वायर कंट्रोलरमागे गुंडाळून सोडलेली सापडली होती. वायर नसेल तर फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावर कंट्रोलर धरून ठेवतो ते व्होल्टेज, १३.३ च्या आसपास आणा, महिन्यातून एकदा टोपणं उघडून पाणी बघा आणि कमी असेल तर डिस्टिल वॉटरच घाला. नळाचं घालू नका, आपल्याकडचं तर मुळीच नको, क्षार फार आहेत. आणि वापर करा. रोज संध्याकाळी दोन तास आतला पंखा आणि दिवा लावून बसा. बॅटरीला थोडं खाली येणं आणि पुन्हा भरणं मानवतं. बसायचं कशाला ते पुढे सांगतो.

गाडी उभी कशावर आहे हे तुम्ही लिहिलं नाही. अंगणात फरशी असेल तर ठीक. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर असेल तर आजच विचार करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि घट्ट लागते, जणू सिमेंटच. पहिल्या पावसात तीच माती फुगते आणि लोणी होते. गेल्या जूनमध्ये देगावकडच्या एका शेतात उभी असलेली गाडी दोन पावसांत मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत रुतली होती. ट्रॅक्टर लावून काढताना खालचा पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याच्या टाकीचा कॉक तुटला. प्रत्येक चाकाखाली शहाबादी फरशीचा दोन फुटी तुकडा टाका. रुतण्यापासून वाचाल.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. आठवड्यातून एकदा गाडी पाव चाक पुढे किंवा मागे सरकवा, नाहीतर वजन एकाच जागी राहून टायर चपटा होतो. इंजिन न लावता शेजारच्या दोघांना बोलवून ढकलली तरी चालतं. हल्ली माणसं मास्क लावून एवढ्या कामाला आनंदाने येतात, त्यांनाही घराबाहेर यायला निमित्त हवंच असतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. आणि जुनी गाडी घेतलीत म्हणून सांगतो, टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. २२१५ म्हणजे २०१५ सालचा २२ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर आपल्या उन्हात भरवशाचा राहत नाही. बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या तर तो बदलूनच पुढच्या प्रवासाला निघा.

पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे शंभर लिटरची टाकी दारात रिकामी ठेवायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. पण या उन्हात टाकीतलं पाणी लवकर खराब होतं, आणि हवेच्या नळीला जाळी नसेल तर त्यात डास अंडी घालतात. एवढ्या सगळ्यात घरात डेंगी नको. साठवायचंच असेल तर धुण्या-भांड्यांसाठी साठवा आणि पुढचं पाणी यायच्या आत संपवा. प्रवास सुरू होण्याआधी टाकी एकदा ब्लीचने धुवायची. पाच टक्क्यांचं साधं ब्लीच, वास नसलेलं, दर लिटर पाण्याला एक मिली, म्हणजे शंभर लिटरला शंभर मिली. प्रत्येक नळ उघडून वास येईपर्यंत पाणी जाऊ द्यायचं, चार तास तसंच ठेवायचं, मग दोनदा साध्या पाण्याने काढायचं. आत्ता ते करण्यात पाणी घालवू नका. फ्रिज रिकामा करून पुसा आणि दारात लाकडाचा तुकडा अडकवून ते उघडं ठेवा.

गॅसची टाकी काढून घराच्या मागे सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. पॉवर बँक, लायटर, डासांचा स्प्रे बाहेर काढा. यंदा एक नवी वस्तू प्रत्येक गाडीत सापडते, ती म्हणजे सॅनिटायझरची बाटली. ती आपोआप पेटत नाही, पण टोपण सैल असेल तर उन्हाने त्यातलं अल्कोहोल उडत जातं. मग हाताला लावता त्याचा गुण कमी झालेला असतो. औषधांचा डबाही घरात आणा. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपण त्या पन्नाशीत ठेवतो.

उंदरांबद्दल सावध करतो. गेल्या वर्षी हॉटेलं, खाऊच्या गाड्या, मंडई बंद झाल्यावर उंदीर आणि घुशी घरांकडे, गाड्यांकडे वळल्या. अकरांपैकी तीन गाड्यांचं वायरिंग कुरतडलेलं होतं. एकीत तर कपाटात राहिलेल्या शेंगाचटणीच्या पुड्यासाठी त्यांनी प्लायला भोक पाडलं होतं. कडक भाकरी, चटणी, बिस्किटं, काही म्हणता काही आत ठेवू नका. खालून जिथे पाइप आणि वायरी आत येतात तिथली फट लोखंडी काथ्या आणि पाव इंची जाळीने बुजवा. मेकॅनिक लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात, आणि आपल्याकडे विडीच्या तंबाखूला तोटा नाही. वास आहे तोवर गुण येतो, महिन्याभरात वास जातो. त्यामुळे जाळी आधी, तंबाखू नंतर. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून उजेड पडू द्या. उंदराला वरचेवर हलवली जाणारी जागा आवडत नाही.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, घरात लागण झाली तर माणसाला गाडीत वेगळं ठेवायचं का. मला गेल्या महिन्यात हा प्रश्न सहा जणांनी विचारला. कॅम्पर म्हणजे स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास, दारातच, मग यापेक्षा चांगली सोय कुठली, असं वाटणं साहजिक आहे.

दिवसा तर हे करूच नका. ताप आलेल्या माणसाचं शरीर उष्णता बाहेर टाकायला धडपडत असतं. भोवतालची हवाच शरीरापेक्षा गरम असेल तर उष्णता जाणार कुठे? नेट, उघड्या खिडक्या सगळं करूनही दुपारी आत ४५ असतं हे मी वर सांगितलं. त्या हवेत पंखा लावला तर तो गरम झळच अंगावर फेकतो. पाणी कमी पडतं, ग्लानी येते, आणि ही ग्लानी उन्हाची की आजाराची हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. या आजारात ऑक्सिजन कमी होत असताना माणूस बोलत असतो, फोन बघत असतो, त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दिवसातून चार वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघणारं कुणीतरी जवळ हवं. ९४ च्या खाली गेला की थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन आणि दवाखाना. दार लावून घेतलेल्या गाडीत एकटा झोपलेला माणूस नजरेआड जातो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाला असं गाडीत ठेवलं होतं. दुपारी जेवणाचं ताट ठेवायला आई गेली, तिने काचेवर टकटक केली, आतून उत्तर नाही. तो वाचला, पण दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, की याला कुठे ठेवलं होतं.

मी त्या घराला नंतर जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जागांची अदलाबदल करा. आजारी माणूस घरातल्या सगळ्यात हवेशीर खोलीत, आणि धडधाकट माणसं रात्री गाडीत. घरात एकच संडास असेल तर तो आजाऱ्याला द्या आणि तुम्ही गाडीतला वापरा. रात्री दहानंतर गाडी गार पडते, दोन्ही बाजूंच्या खिडक्या जाळी लावून उघड्या ठेवल्या की झोप लागते. आजाऱ्याला स्वयंपाकघर जवळ, पंखा डोक्यावर, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणूस, आणि बाकीच्यांचा श्वास वेगळ्या हवेत. एप्रिलमध्ये दोन घरांनी असं केलं. एका घरात आजी-आजोबा बारा रात्री गाडीत झोपले आणि दोघंही निगेटिव्ह राहिले. गाडीमुळेच राहिले असं मी म्हणणार नाही, पण त्या दोघांना दुसरी खोली मिळाली असती ती फक्त गाडीतच. औषधपाणी, वेगळं राहायचे दिवस, चाचणी, हे सगळं डॉक्टर सांगतील तसं. माझं सांगणं फक्त जागेपुरतं.

रात्री गाडीत झोपताना तीन गोष्टी सांभाळा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. उभ्या गाडीचा धूर खालून आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आत गॅस पेटवायचा नाही. आणि घरातून वायर घेऊन कूलर लावणार असाल तर आधी अर्थिंग बघा. गाडी रबरी टायरांवर उभी असते. फेजची वायर कुठे पत्र्याला लागली तर ती सगळी बॉडी करंटने भरते आणि तशीच वाट बघत राहते. खाली अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावला की तो करंट माणसातून जमिनीत उतरतो. म्हणून तीन पिनांची, जाड, अखंड वायर, गाडीच्या पत्र्याला पक्का जोडलेला अर्थ, आणि घरच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर गळला की वीज तोडणारा स्विच. अनेक घरांत अर्थिंगचं भोक नुसतं नावाला असतं, आत तार नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. दोन तारांची, मध्ये टेप लावलेली वायर असेल तर त्यापेक्षा गाडीतला १२ व्होल्टचा पंखा पुष्कळ बरा. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर छान चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात. फिटनेस, लायसन्स, रजिस्ट्रेशन यांची मुदत १ फेब्रुवारी २०२० नंतर संपली असेल तर ती ३० जून २०२१ पर्यंत चालू धरावी असं केंद्राने मार्च २०२१ मध्ये कळवलं होतं. विम्याला ती सवलत नव्हती. गाडी उभी आहे म्हणून विमा सोडू नका, आग आणि चोरी उभ्या गाडीलाही गाठते. आणि कॅम्पर केल्याची नोंद आरसीवर झाली आहे का ते बघा. नसेल तर क्लेमच्या वेळी अडतं. आरटीओचं काम सुरळीत झालं की पहिलं हे करा.  

आता तुमचं शेवटचं वाक्य, करमत नाही. मी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर शाळा केली, निवृत्तीनंतर रस्ता बघायचा ठरवला, आणि रस्ताच बंद झाला. याला काय म्हणायचं ते मलाही सुचत नाही. गेल्या आषाढीला माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या. दरवर्षी आपल्याच जिल्ह्यातून लाखांची पावलं जातात तो रस्ता त्या वर्षी मोकळा होता. माझे वडील दरवर्षी वाखरीला पालखीला जायचे, ते त्या दिवशी टीव्हीसमोर हात जोडून बसले होते. चालायचं वर्ष चुकलं, पण त्यांनी माळ काढली नाही.

म्हणून संध्याकाळी दोन तास गाडीत बसा असं म्हणालो. ऊन उतरल्यावर, सातच्या सुमारास दोघांनी जाऊन बसा, चहा घरून न्या. जानेवारीच्या प्रवासातलं जे जे खटकलं ते वहीत लिहा. कुठलं कपाट वळणावर उघडायचं, रात्री कुठला दिवा डोळ्यांवर यायचा, मॅडमना वर चढायला पायरी उंच पडते का. माझा अनुभव असा की अशी यादी नवऱ्याची वेगळी असते आणि बायकोची वेगळी, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा बायकोच्या यादीतली आधी करायची असते. ‘विकून टाका’ म्हणणाऱ्या मॅडमना कशाचा त्रास झाला ते त्या यादीत सापडेल. मला तीन घरांत सापडलं होतं: एकीकडे संडासाचं दार, एकीकडे ओट्याची उंची, एकीकडे रात्री एकटं वाटणं.

मग एक रात्र तालमीची करा. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, गाडी दारातच, पण घरात पाय ठेवायचा नाही. पाणी त्या रात्रीपुरतं टाकीत भरलेलं, वीज बॅटरीची. हिशोब लिहा. १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ७५ गुणिले १२, सुमारे ९०० वॅट-तास. २० वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६०. दोन दिवे मिळून १० वॅट, चार तास, ४०. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालतो असं धरलं तरी दिवसभराचे ५४० होतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तो निम्म्यापेक्षा जास्तच चालतो. सगळं खाणारा फ्रिज आहे हे एका रात्रीत कळतं. रस्त्यावर कळलं असतं तर मुक्काम मोडला असता.

विकायचं म्हणाल तर आत्ता विकू नका. उभ्या गाडीला आत्ता भाव पडूनच मिळेल, आणि एका सहलीवर गाडीची पारख होत नाही. रस्ते मोकळे झाल्यावर दोन मुक्काम करा, त्यातला एक मॅडमनी ठरवलेला असू दे, आणि मग दोघांनी मिळून काय ते ठरवा.

रस्ते मोकळे झाले की लांब जाऊ नका. पहिली फेरी हिप्परग्याच्या तलावापर्यंत, दहा-बारा किलोमीटर, आणि परत. निघण्याआधी चाकांचे नट आवळा, कूलंट आणि ब्रेक ऑइल बघा, गाडीखाली वर्तमानपत्र पसरून रात्रीत थेंब पडलाय का ते पाहा. पाच किलोमीटरवर थांबून प्रत्येक चाकाजवळ हाताचा मागचा भाग न्या, चिकटवू नका. एकच चाक जास्त गरम लागलं तर त्याचा ब्रेक धरतोय, तिथूनच हळू परत फिरा. चारही सारखी कोमट लागली तर पुढच्या आठवड्यात तुळजापूर करा.

तोपर्यंत उद्या पहाटे दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावा आणि आकडे मला कळवा. इंजिनची बॅटरी दोनदा बसली आहे, ती १२.२ च्या खाली असेल तर सेल्फ मारत बसू नका. तिला घरी आणून किती अँपिअरवर किती वेळ लावायची ते आकडा बघून सांगतो.